गेट आतून बंद करण्याआधी : सोलापूरच्या पोलीस आयुक्तांना एका बँक सुरक्षारक्षकाचे खुले पत्र

माननीय पोलीस आयुक्त साहेब,
सोलापूर शहर

जय हिंद.

मी एका बँकेच्या दारावर उभा असतो. सतरा वर्षं पायदळात काढली, हवालदार म्हणून पेन्शनवर आलो आणि गेली नऊ वर्षं दुनळी बारा बोअर खांद्याला लावून त्याच दारात आहे. शहरात माझ्यासारखे बरेच आहेत. कुणी सोन्याच्या पेढीवर, कुणी कॅश व्हॅनच्या मागच्या दाराला, कुणी एखाद्या कारखान्याच्या फाटकावर. लोक आमच्याकडे फारसं बघत नाहीत. पासबुक छापायचं मशीन कुठं आहे, पैसे भरायची स्लिप कुठं मिळेल, एवढंच विचारतात. आमच्या खांद्यावरची बंदूक त्यांच्या नजरेला इतकी सरावली आहे की ती त्यांना दिसतसुद्धा नाही. पण देव न करो, उद्या आपल्या शहरात काही वाईट घडलं, तर आपली माणसं पोहोचायच्या आत तिथं हातात शस्त्र असलेला जो पहिला माणूस असेल तो बहुतेक आमच्यातलाच एखादा असेल. त्या माणसासाठी मी हे पत्र लिहितो आहे. नाव लिहीत नाही, कारण घर याच नोकरीवर चालतं. आपण बोलावलंत तर समोर येऊन उभा राहीन.

मागच्या वर्षीची गोष्ट. महिन्याचा पहिला आठवडा होता, म्हणजे आमच्या शाखेत जत्राच. विडी कारखान्यांतल्या बाया, गिरणीतून रिटायर झालेली माणसं, निराधार योजनेचे पैसे काढायला आलेल्या म्हाताऱ्या आणि लाडक्या बहिणीच्या केवायसीसाठी लेकरं कडेवर घेऊन आलेल्या पोरी. आत पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून रांग पायऱ्यांवरून खाली फुटपाथवर गेली होती. साडेअकराच्या सुमारास कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर फुटला. आवाज असा की काउंटरची काच हलली. मागोमाग काळा धूर उठला आणि रस्त्यावरून कुणीतरी ओरडलं, बॉम्ब, बॉम्ब!

मी काय केलं ते सांगतो. सरकती जाळी ओढली, साखळी घातली, कुलूप लावलं, अलार्म दाबला, काउंटरकडे पाठ करून बंदूक हातात घेतली. सगळं मिळून वीस सेकंदसुद्धा लागली नसतील. आमच्या एजन्सीची छापील पाटी दाराच्या आतल्या बाजूला लावलेली आहे. धोका दिसताच गेट बंद करावे, अलार्म द्यावा, कॅश सुरक्षित करावी. मी शब्दाला शब्द तसंच वागलो.

जाळीच्या बाहेर अकरा माणसं राहिली. हा आकडा मी नंतर कॅमेऱ्याच्या चित्रीकरणात मोजला. त्यांत दोन लहान मुलं होती. सगळ्यांत पुढं पूर्व भागातली एक तेलुगू अव्वा, म्हणजे आजी होती, सत्तरीच्या पुढची. जाळी धरून उभी होती, आणि मी जाळी ओढली तेव्हा तिचं बोट कडीत सापडलं. ती ओरडली नाही. दुसऱ्या हातानं जाळी हलवत एवढंच म्हणाली, "तम्मुडू (धाकट्या भावा), दार काढ की रे." मी तिच्याकडे बघत होतो आणि कुलूप काढत नव्हतो. माझ्या डोक्यात त्या वेळी फक्त पाटी होती.

पुढं काही झालं नाही. वीज मंडळाची गाडी आली, धूर विरला, लोक परतले. मॅनेजर साहेबांनी पाठ थोपटली. एजन्सीनं शाबासकीचं पत्र पाठवलं. ते पत्र मी अजून घरात कुणाला दाखवलेलं नाही. त्या धुरातून खरंच कुणी गोळ्या झाडत आलं असतं, तर तिजोरीतली रोकड मी वाचवली असती आणि ती अकरा माणसं माझ्या कुलपासमोर मेली असती. सैन्यात सतरा वर्षं मला हे कुणी शिकवलं नव्हतं. हे मी या दारात शिकलो.

माझी मुलगी कॉलेजात शिकते. मी रात्र रात्र जागा असतो हे तिच्या लक्षात आलं. तिनं एक दिवस मोबाइलवर एक फोटो दाखवला. एका मोठ्या मॉलचा मोकळा बोळ, आणि एक चिमुकली मुलगी धावत येते आहे. समोर एक माणूस हात पुढं करून तिला बोलावतो आहे आणि त्याच्याजवळ पिस्तूल आहे. फोटो केनियातल्या नैरोबी शहराचा. मग तिनं मला सगळी हकिगत इंग्रजीतून वाचून मराठीत सांगितली. त्यानंतर आम्ही दोघांनी त्याबद्दल मिळेल तेवढं वाचलं. आपण वरिष्ठ अधिकारी आहात, आपल्याला ही घटना माहीत असेलच. तरी मी माझ्या नजरेतून सांगतो, कारण हातात बंदूक घेऊन दारात उभा राहणारा माणूस ती वेगळी वाचतो.

२१ सप्टेंबर २०१३, शनिवार. वेस्टगेट नावाचा मॉल, दुपारची वेळ, सुट्टीची गर्दी. वरच्या पार्किंगमध्ये मुलांची स्वयंपाकाची स्पर्धा चालू होती. सोमालियातल्या अल-शबाब या दहशतवादी संघटनेचे चार जण रायफली घेऊन शिरले आणि दिसेल त्याला मारत सुटले. एकूण ६७ निष्पाप माणसं गेली. त्यांत आपल्याकडून पिढ्यांपूर्वी तिकडं गेलेल्या घरांतली माणसंही होती.

अब्दुल हाजी नावाचा एक व्यापारी त्या वेळी शहरात दुसरीकडे होता. त्याच्या भावाचा मेसेज आला, मी आत अडकलोय. हाजीच्या घराण्याला त्याच अल-शबाबच्या धमक्या होत्या, म्हणून त्याच्याकडे परवान्याचं पिस्तूल असायचं. तो निघाला. मॉलशी पोहोचला तेव्हा बाहेर गोंधळ होता. साध्या वेशातले काही पोलीस, रेड क्रॉसचे स्वयंसेवक आणि परवान्याची हत्यारं बाळगणारे काही नागरिक एवढेच आत जायला तयार होते. नैरोबीत आपल्या गुजराती-पंजाबी लोकांनी आपापल्या वस्तीसाठी अशी पथकं आधीपासून उभी केलेली होती, तेही त्यांत होते. ही माणसं मिळून आत गेली. सरकारची खास पथकं आत शिरायला कित्येक तास लागले, पण हे लोक त्याआधी आत होते.

आता तो फोटो. खालच्या मजल्यावर, सुपर मार्केटसमोर, एक अमेरिकन बाई जाहिरातीच्या टेबलामागं लपली होती. तिच्याबरोबर तीन मुली, सगळ्यांत मोठी चार वर्षांची. बोळाच्या त्या बाजूला दहशतवादी, या बाजूला हाजी आणि त्याचे सोबती, आणि मधे ही आई. तिन्ही लेकरं उचलून पळणं तिला शक्यच नव्हतं. हाजीनं तिला विचारलं, मोठीला एकटीला माझ्याकडे पाठवता येईल का? आईनं पाठवली. ती चार वर्षांची पोर बंदूक धरलेल्या अनोळखी माणसाच्या दिशेनं धावत सुटली. मग बाकीच्या आल्या, आई आली.

साहेब, मी हा फोटो पुन्हा पुन्हा बघितला. एक गोष्ट मला आधी दिसली नव्हती. त्या माणसाच्या हातातलं पिस्तूल त्या क्षणी कुणाला मारत नाही. ते समोरच्याला डोकं वर काढू देत नाही, एवढंच त्याचं काम. आम्ही पायदळवाले त्याला कव्हर देणं म्हणतो. बेळगावच्या मैदानावर उस्ताद घसा फोडून सांगायचे, एक फायर करतो तेव्हा दुसरा हलतो. हाजीजवळ पिस्तूल होतं, समोर रायफली होत्या. समोरासमोरच्या लढाईत तो टिकला नसता. पण तेवढ्या पिस्तुलावर एका बोळाचे वीस-तीस फूट काही क्षणांपुरते मोकळे राहिले आणि त्या मोकळ्या फुटांतून एक मूल पळालं. माझी दुनळी याहून वेगळं काय करू शकते? दोन बार. त्यानंतर बंदूक मोडायची, रिकामी काडतुसं काढायची, नवी घालायची. समोरच्याकडे तीस गोळ्यांची मॅगझिन असेल. त्याला मी हरवू शकत नाही, हे मला चांगलं कळतं. पण जाळी उघडी ठेवून अकरा माणसं आत घ्यायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ ते दोन बार देऊ शकतात.

हाजी स्वतः मुसलमान होता, सोमाली वंशाचा, आणि मारणारे धर्माचं नाव घेऊन मारत होते. त्यानं ज्यांना बाहेर काढलं त्यांना जात-धर्म विचारला नाही. आपल्याकडे २२ एप्रिल २०२५ ला पहलगामला २६ माणसं मारली गेली, त्यांत आपल्या महाराष्ट्रातलीही होती. तिथं सय्यद आदिल हुसेन शाह हा घोडेवाला पर्यटकांना वाचवायला गेला आणि मेला. त्याच्या हातात तर काहीच नव्हतं. ही दोन्ही नावं मी माझ्या शाखेतल्या चहावाल्यापासून शिपायापर्यंत सगळ्यांना सांगितली आहेत.

धाडस कुठून येतं हे मला सांगता येत नाही. पण ते असतं, आणि आयत्या वेळी ते कुणाच्या अंगात असेल हे आधी कळत नाही, एवढं सैन्यात नक्की पाहिलं. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सीएसटीवर काय झालं ते आपण जाणता. आपल्या सोलापूरकरांना ती जागा घरच्यासारखी आहे. रात्रीची सिद्धेश्वर पकडायला आपण त्याच हॉलमध्ये पिशवी उशाला घेऊन बसतो. त्या हॉलमध्ये कसाब आणि त्याचा साथीदार गोळ्या झाडत फिरत होते, आणि रेल्वे सुरक्षा दलाचे झिल्लू यादव सहकाऱ्याच्या हातातली जुनी रायफल घेऊन त्यांच्यावर फायर करत होते. लोकलच्या बाजूला विष्णू झेंडे केबिनमध्ये बसून माइकवरून लोकांना कुठून बाहेर पडायचं ते सांगत राहिले. त्यांच्या हातात माइकशिवाय काही नव्हतं. किती लोक त्या आवाजावर विश्वास ठेवून मागच्या दारानं निघून गेले! गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी काठीवाल्या हातानं रायफलची नळी धरली आणि सोडली नाही. म्हणून कसाब जिवंत सापडला.

आणि अशोक कामटे साहेब. आपण ज्या खुर्चीत बसला आहात, त्याच खुर्चीत ते होते. सोलापूरच्या माणसाला त्यांच्याबद्दल सांगायची गरज नाही. अजूनही आमच्याकडे कुणी पोलिसाचं कौतुक करायचं झालं तर त्यांचं नाव निघतं. ते त्या रात्री पूर्व मुंबईचे अतिरिक्त आयुक्त होते, कामा हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत करकरे साहेब आणि साळसकर साहेबांबरोबर शहीद झाले. मी त्या वेळी युनिटमध्ये होतो. टीव्हीवर नाव आलं तसे आमच्या बराकीतले सोलापूर-पंढरपूर-अक्कलकोटचे सगळे उठून उभे राहिले होते, कुणीही न सांगता.

त्या रात्रीची शिकवण कागदावर खूप लिहिली गेली. पुढं एनएसजी या केंद्राच्या कमांडो दलाची केंद्रं मुंबईत, हैदराबादेत, चेन्नईत, कोलकात्यात झाली. मुंबईला राज्य पोलिसांची कमांडो तुकडी फोर्स वन उभी राहिली. चांगलं झालं. पण सोलापूर मुंबईहून चारशे किलोमीटर आहे आणि हैदराबादहून तीनशे. आपली स्वतःची माणसं कितीही चपळ असली तरी पहिली दहा मिनिटं जागेवर असणाऱ्यांचीच असतात. वेस्टगेटमध्ये सर्वाधिक माणसं सुरुवातीच्या वेळातच गेली, आणि जी वाचली त्यांतली पुष्कळशी सुरुवातीच्या वेळात आत शिरलेल्या माणसांमुळे वाचली.

आता ज्या गोष्टीची मला खरी भीती वाटते ती लिहितो. गोळी खाण्याची भीती आहेच, पण पोलिसाची गोळी खाण्याची भीती त्याहून मोठी आहे. आपण रागावू नये, मी विचार करून लिहितो आहे. वेस्टगेटमध्ये पोलीस आणि सैन्य यांच्यात ताळमेळ राहिला नाही आणि सैन्याच्या गोळीनं पोलिसांच्याच खास पथकाचा एक अधिकारी गेला. गणवेशातल्या माणसांचं असं झालं, तर परवान्याचं पिस्तूल घेऊन साध्या शर्टात फिरणाऱ्याचं काय होऊ शकलं असतं याचा विचार करा. अमेरिकेत शिकागोजवळ २०१८ साली एका बारमध्ये गोळीबार झाला. तिथल्या सुरक्षारक्षकानं हल्लेखोराला पकडून जमिनीवर दाबून धरलं होतं, हातात त्याचं परवान्याचं हत्यार होतं. पोलीस आले आणि त्यांनी सुरक्षारक्षकालाच गोळी घातली. तो गेला. माझ्यासारखाच माणूस, माझ्यासारखंच काम. त्याची बातमी मुलीनं वाचून दाखवली तेव्हा माझी बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, तुम्ही त्या दिवशी जाळी बंद केलीत तेच बरं केलंत. मी तिला उत्तर देऊ शकलो नाही.

म्हणून मी आपल्याला विनंती करतो. आम्हाला नवी बंदूक नको. उलट मी म्हणेन, ज्याला त्याला परवाना देऊच नका. आपल्या शहरात वाढदिवसाला तलवारीनं केक कापणारी पोरं आहेत, लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणारे आहेत. त्यांच्या हातात शस्त्र गेलं तर हाजी तयार होणार नाहीत, मढी तयार होतील. मी ज्यांच्याबद्दल बोलतो ते आधीच परवानाधारक आहेत, आपल्याच कार्यालयाच्या नोंदीत आहेत, त्यांतले पुष्कळसे माजी सैनिक आहेत आणि रोज त्याच जागी उभे असतात. त्यांना हाक मारा.

आम्हाला वर्षातून एकदा तरी पोलीस मैदानावर बोलवा. नऊ वर्षांत या बंदुकीतून मी एकही बार काढलेला नाही. माझ्याकडे पाच काडतुसं आहेत, त्यांतल्या एकाचं पितळ हिरवं पडलं आहे. बदलून द्या म्हणून एजन्सीला तीन वेळा सांगितलं, उत्तर आलं की ती वापरायची वेळ येणार नाही. खासगी सुरक्षारक्षकांसाठी २००५ चा कायदा आहे, त्याच्या नियमांत प्रशिक्षणाचे विषय लिहिलेले आहेत. आग विझवणं, गर्दी सांभाळणं, स्फोटकं ओळखणं, प्रथमोपचार. मी ज्या दिवशी कामाला लागलो त्या दिवशी मला या विषयांचं प्रमाणपत्र मिळालं. विषय मात्र कुणी शिकवला नाही. दोन तास द्या साहेब, पण खरे द्या. आणि त्यातला एक तास गोळीबारावर नको, रक्त थांबवण्यावर हवा. गोळी लागलेला माणूस दवाखान्यात पोहोचण्याआधी रक्त जाऊन मरतो, हे मी उत्तरेत डोळ्यांनी पाहिलं आहे. आपल्या गावात प्रत्येक दुकानात, प्रत्येक रिक्षात टॉवेल असतो. तो जखमेत कोंबून दोन्ही हातांनी दाबून धरायचा, आणि कुणीतरी येईपर्यंत सोडायचा नाही. हे शिकायला पाच मिनिटं लागतात. हे शिकलेला माणूस प्रत्येक बँकेच्या दारात असला तर सिव्हिल हॉस्पिटलच्या डॉक्टरांना जिवंत माणूस मिळेल.

दुसरं, आम्हाला सांगून ठेवा की आपली माणसं आली की आम्ही काय करायचं. हत्यार जमिनीवर, हात वर, तोंडानं काय ओरडायचं, कुठल्या बाजूला जायचं. आणि आपल्या शिपायांनाही सांगून ठेवा की अशा दारात एक म्हातारा सुरक्षारक्षक बंदूक घेऊन असू शकतो. प्रत्येक पोलीस ठाण्यात त्या हद्दीतल्या आम्हा लोकांची यादी असावी, फोटोसकट, आणि बीटवरच्या हवालदारानं महिन्यातून एकदा येऊन आमचं तोंड बघून जावं. माझ्या दारात मोटारसायकलवरून रोज दोन पोलीस जातात. त्यांतल्या एकालाही माझं नाव माहीत नाही, आणि मलाही त्यांचं नाही. ११२ ला फोन करणारा मी असेन तर पलीकडच्याला कळायला हवं की हा जागेवरचा हत्यारी माणूस आहे.

कायद्याची भीतीही आहे, ती आपण काढू शकता. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, तिच्यातली ३४ ते ४४ ही कलमं मी मुलीकडून वाचून घेतली. स्वतःचा जीव वाचवण्याचा हक्क आहे, तसाच दुसऱ्या कुणाचाही जीव वाचवण्याचा आहे, त्याला मर्यादाही आहेत. पण आमच्यातल्या दहांतल्या नऊ जणांना वाटतं की बँकेबाहेरच्या माणसासाठी बार काढला तर आपणच जेलात जाऊ, परवाना जाईल, नोकरी जाईल, कोर्टाच्या फेऱ्या मारत मरू. रस्त्यावर अपघात झाला की मदत करणाऱ्याला त्रास देऊ नये म्हणून २०१९ ला मोटार वाहन कायद्यात कलम घातलं, तेव्हापासून निदान काही लोक गाडी थांबवू लागले. आमच्यासाठी आपण एक साधं पत्रक काढा. मराठीत, मोठ्या अक्षरांत. काय करता येतं, काय करता येत नाही. उगाच हिरो व्हायला जाऊन गर्दीत छर्रे मारणाऱ्याला शिक्षा होईल, हेही त्यात लिहा. बारा बोअरचे छर्रे पसरतात, गर्दीत ते सज्जन-दुर्जन बघत नाहीत. आमच्यातल्या काहींना तेही सांगायची गरज आहे.

आणि सगळ्यांत आधी ती पाटी बदला. बँकांच्या आणि एजन्सींच्या अधिकाऱ्यांची बैठक बोलवण्याचा अधिकार आपल्याकडे आहे. त्यांना सांगा की गेट बंद करावे या ओळीच्या आधी एक ओळ घाला, बाहेरच्या माणसांना आत घ्यावे. एवढीच ओळ. मी अडाणी नाही, मला माहीत आहे की गर्दीच्या आडून दरोडेखोरही शिरू शकतो. तो धोका मी घ्यायला तयार आहे. रोकडीचा विमा असतो.

जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा भरेल. सिद्धरामेश्वरांच्या काठ्या निघतील, होम मैदानावर पाय ठेवायला जागा राहणार नाही, रात्री शोभेचं दारूकाम होईल. त्या आवाजांत खरा आवाज कुठला हे ओळखणं मोठमोठ्यांना जमणार नाही. त्या दिवसांत मंदिराच्या आजूबाजूच्या, नवी पेठेतल्या, पार्क चौकातल्या प्रत्येक बँकेच्या आणि दुकानाच्या दारात आमच्यातला कुणीतरी उभा असतो. आवाजाची आणि पळापळीची एक तालीम गड्ड्याच्या आधी आमच्यासोबत करून घ्या. कुठलं दार उघडं ठेवायचं, कुठल्या गल्लीतून माणसं सिद्धेश्वर तलावाच्या बाजूला काढायची, कुठून काढायची नाहीत. माझ्या ओळखीचे चौदा जण आहेत, सगळे माजी सैनिक. मी त्यांना एकेकाला भेटून विचारलं आहे. चौदाही जण सुट्टीच्या दिवशी, बिनपगारी, यायला तयार आहेत. त्यांतले दोघे साठी ओलांडलेले आहेत, पण एकानं कारगिलला डोंगर चढलेला आहे आणि दुसऱ्याला मैदान कुठलं एवढंच सांगायचं बाकी आहे.

त्या अव्वाच्या बोटाचं नख काळं पडून गळालं. मी तिला दवाखान्यात नेतो म्हटलं तर ती हसली आणि हळद लावली म्हणाली. आता नवीन नख आलं आहे, थोडं वाकडं. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ती अजून येते. पूर्वी पायऱ्यांवर बसायची. आता सरळ आत येते, माझ्या स्टुलाशेजारी जाळीच्या आतल्या बाजूला फरशीवर बसते आणि नंबर यायला कितीही वेळ लागला तरी बाहेर जात नाही. परवा मी तिला म्हटलं, अव्वा, इथं उकडतं, बाहेर वाऱ्याला बस. तिनं मान हलवली आणि माझ्याकडे न बघता जाळीच्या कुलपाकडे बघत राहिली.

आपला,
एक माजी हवालदार, सध्या बँक सुरक्षारक्षक
सोलापूर